घर सुटलेल्या वस्तू : वस्तुसंग्रहालयाची पहिली भेट

मुंबईस गेलेला पाहुणा राणीची बाग, चौपाटी आणि गेटवे यांच्या जोडीने ‘म्यूझियम’ही उरकून येतो. जुनी माणसे त्याला अजबखाना म्हणत. शब्द गोड आहे, पण त्याने एक घोटाळा करून ठेवला आहे. अजबखान्यात मनुष्य आश्चर्य करावयास जातो, आणि आश्चर्याचा स्वभावच असा की, दुसरे आश्चर्य समोर आले की पहिले विसरावे. म्हणून पहिल्या भेटीत बहुतेकांची गत एकच होते. दोन तासांत तीन मजले पालथे घालावयाचे, पाय दुखवून घ्यावयाचे, आणि घरी कोणी विचारले, “काय पाहिलेत?” तर उत्तर द्यावयाचे, “पुष्कळ पाहिले!” या ‘पुष्कळ’मध्ये एकही वस्तू नसते.

हे टाळावयाचे कसे, एवढाच आजचा प्रश्न आहे. त्यासाठी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयच आपण डोळ्यांपुढे ठेवू. १९०५ साली त्याची कोनशिला बसली. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही इमारत १९१४ साली उभी राहिली; परंतु पहिले महायुद्ध पेटले आणि तेथे लष्करी इस्पितळ आले. लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. तेव्हाचे ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम’ हे नाव १९९८ साली बदलले. इमारतीवरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देतो, आणि आतल्या लाकडी कमानी नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून लिलावात घेतलेल्या आहेत. म्हणजे आत पाऊल टाकताच आपली पहिली गाठ पडते ती घर सुटलेल्या एका वस्तूशीच.

माझ्या मते संग्रहालय पाहण्याची किल्ली येथेच आहे. आतील बहुतेक वस्तू संग्रहालयासाठी घडलेल्या नाहीत. कोणी देवळात होती, कोणी स्तूपावर, कोणी राजाच्या मांडीवर. आज त्या एका छपराखाली, सारख्याच उजेडात, शेजारी एकेक चिठ्ठी घेऊन उभ्या आहेत. या वस्तूला मनाने पुन्हा तिच्या घरी नेऊन पोचविणे, हे प्रेक्षकाचे काम. ते केले तर वस्तू बोलू लागते. न केले तर ती नुसती अजब राहते.

पहिले उदाहरण ऐहोळेच्या देवळातील ब्रह्मदेवाच्या शिळेचे घेऊ. बदामीच्या चालुक्यांच्या काळचे, साधारण सातव्या शतकाच्या सुमाराचे हे काम. मध्ये ब्रह्मदेव, भोवती ऋषी. येथे आपण ही शिळा समोरासमोर पाहतो. परंतु शिल्पकाराने ती छतासाठी कोरली होती. देवळात आलेला मनुष्य मान वर करून तिच्याकडे पाही आणि देव त्याच्या माथ्यावर असे. शिळेपुढे क्षणभर उभे राहून ती डोक्यावर आहे अशी कल्पना करून पाहा. सगळ्या आकृतींचे वजन बदलते. ज्या ऐहोळेतून ती आली तेथेच रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे, आणि ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर दुसऱ्या पुलकेशीची सत्ता होती असे तो सांगतो. तेव्हा ही शिळा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

दुसरे उदाहरण सिंधमधील मीरपूरखासचे. तेथील काहू-जो-दडो या विटांच्या स्तूपाचे उत्खनन हेन्री कझिन्स यांनी १९१० च्या सुमारास केले. त्यात सापडलेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती, आणि हाती कमळ घेऊन उभा असलेला एक उपासक, येथे आहेत. पाचव्या-सहाव्या शतकातील ही कामे. सिंधची वस्तू मुंबईस कशी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे : १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. पुढे १९४७ साली मध्ये सरहद्द आली. स्तूप पलीकडे राहिला, मूर्ती अलीकडे राहिल्या. ज्या प्रदेशात दगड दुर्मिळ तेथील कारागिराने मातीलाच देवपण दिले. या मूर्ती पाहताना दिवाणखान्यातील शोभेच्या पुतळ्यांसारख्या पाहू नयेत. त्या कोनाड्यात बसत, वर सिंधचे ऊन असे, आणि खालून प्रदक्षिणा घालणाऱ्याला एकामागून एक दिसत.

तिसरी घारापुरीची भग्न महिषासुरमर्दिनी, सहाव्या शतकातील. पुष्कळ लोक मोडकी मूर्ती पाहून पुढे सरकतात, कारण घरी आपण भंगलेली मूर्ती पूजेत ठेवीत नाही, विसर्जन करतो. संग्रहालयाचा न्याय निराळा आहे. येथे उरलेल्या भागावरून हरवलेला भाग ताडावयाचा असतो. अंगाचा झोक कोणीकडे आहे, भार कोणत्या पायावर आहे, एवढे नीट पाहिले तरी न दिसणारे शस्त्र कोठे चालले असेल ते कळू लागते. मग गेटवेहून होडीने घारापुरीस जावे आणि लेण्यात बाजूने येणारा मंद उजेड पाहावा. ती त्या उजेडासाठी जन्मली होती.

चौथे उदाहरण अगदी लहान : अकबराच्या कारकीर्दीतील ‘अन्वार-इ-सुहैली’ या ग्रंथाची चित्रे. या ग्रंथातील गोष्टी मूळच्या आपल्या पंचतंत्रातल्या. त्या पहलवीत गेल्या, अरबीत गेल्या, फारसीत आल्या आणि मोगल दरबारात चित्रे लेवून पुन्हा भारतात परतल्या. हे चित्र भिंतीवरचे नव्हे. ते पोथीचे पान आहे, हातात धरून वाचावयाचे. म्हणून चार पावलांवरून त्याकडे पाहून काही उपयोग नाही. काचेजवळ जाऊन एकेक पान, एकेक पक्षी वाचावा लागतो. तेथे उजेड मंद ठेवलेला असतो तो कंजुषीने नव्हे. कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात म्हणून.

आता शेवटचे, आणि सर्वांत अडचणीचे. १९३१ साली परळ येथे रस्त्याचे काम चालू असता एक प्रचंड शिळा निघाली : एका उभ्या शिवातून वर आणि दोन्ही बाजूंना आणखी शिवमूर्ती उमलत गेलेल्या, उंची अकरा फुटांहून अधिक. पाचव्या-सहाव्या शतकातील हे शिल्प भारतीय कलेच्या उत्तम कृतींत गणले जाते. संग्रहालयात मात्र त्याचा प्लास्टरचा ठसा आहे. मूळ शिल्प परळच्या बारादेवीच्या देवळात असून त्याची पूजा होते.

कोणी म्हणेल, एवढी थोर कृती अभ्यासकांच्या नजरेसमोर, सुरक्षित जागी हवी. कोणी म्हणेल, देव देवळातच हवा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. संग्रहालय नसते तर घारापुरीचा तो भग्न तुकडा कोणाच्या लेखी मोलाचा ठरला असता? आणि परळचा शिव संग्रहालयात आला असता तर त्याच्यासमोर हात जोडणारा मनुष्य कोठून आणला असता? संग्रहालय वस्तूचा जीव वाचविते, पण तिचे घर तिला परत देऊ शकत नाही. ही उणीव प्रेक्षकाने भरून काढावयाची असते, आणि त्यासाठी पांडित्य लागत नाही. तीन साधे प्रश्न पुरतात : ही वस्तू कोठली? ती कशासाठी केली? आणि तिच्याकडे पाहणारा तेव्हा कोठे उभा असे?

तेव्हा पहिल्या भेटीला जाल त्या दिवशी पाचच वस्तू पाहावयाच्या असे ठरवून जा. प्रत्येकीपुढे दहा मिनिटे उभे राहा. मुले बरोबर असतील तर हे तीन प्रश्न त्यांनाच विचारा, उत्तरे पुष्कळदा तीच आधी देतील. बाकीच्या वस्तू पळून जात नाहीत. आणि शिवाचा तो ठसा पाहताना परळच्या देवळातील मूळ शिल्पाचीही आठवण ठेवा.