सिमची किल्ली, कंपनीची तिजोरी

नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात मोवाड, जलालखेड्याकडे संत्र्याचे सौदे सुरू झाले की बरेच पैसे मोबाइलवरूनच फिरतात. बँकेचा ओटीपी, आधारची पडताळणी, अनुदानाचा संदेश, सगळे एका सिमकार्डाच्या भरवशावर. त्या सिमच्या चिपमध्ये १२८ बिटांची एक गुप्त संख्या असते. साध्या आकड्यांत लिहिली तर ती ३९ अंकांपर्यंत जाईल. हीच सिमची किल्ली.

फोन सुरू झाला की नेटवर्क दर वेळी एक नवी संख्या पाठवते. सिम ती संख्या आणि आपली किल्ली यांचे गणित करून उत्तर धाडते. कंपनीही तेच गणित करते आणि उत्तरे जुळली की फोनला प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही. नरखेडचा माणूस सीमेपलीकडे मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला गेला आणि दुसऱ्या नेटवर्कवर रोमिंग सुरू झाले, तरी तिथल्या यंत्रणेच्या हाती घरच्या नेटवर्कने तयार करून दिलेली प्रश्नोत्तरेच पडतात. ही रचना मला फार देखणी वाटते.

पण गणित दोन्हीकडे करायचे, तर किल्लीही दोन्हीकडे हवी. एक प्रत तुमच्या खिशात, दुसरी कंपनीच्या सर्व्हरवर. खिशातली प्रत काढणे १९९८ मध्ये जमले होते. जुन्या सिममधले गणित कच्चे होते आणि कार्ड हाती आले की लाखभर प्रश्न विचारून किल्ली शोधता येई. पुढे गणिते पक्की झाली. आता चोराचे लक्ष दुसऱ्या प्रतीकडे आहे, कारण तिथे कोट्यवधी किल्ल्या एकत्र असतात.

एप्रिल २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉममध्ये हेच उघड झाले. सुमारे २.७ कोटी सिमची माहिती किल्ल्यांसह बाहेर गेली. घुसखोर २०२१ पासून यंत्रणेत होते. सरकारी तपासात आढळले, की कंपनीने किल्ल्या एन्क्रिप्शनशिवाय, उघड्या स्वरूपात साठवल्या होत्या. तिथल्या इतर दोन कंपन्या मात्र त्या एन्क्रिप्ट करून ठेवत होत्या. सिमची किल्ली पासवर्डसारखी बदलता येत नाही, म्हणून कंपनीला सगळ्या ग्राहकांना नवे सिम फुकट देऊ करावे लागले. वर सुमारे १३५ अब्ज वॉन दंड झाला.

आपल्याकडेही धोक्याची घंटा वाजली आहे. २० मे २०२४ रोजी बीएसएनएलमध्ये घुसखोरी झाल्याची शक्यता सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने कळवली. एका सर्व्हरवरची माहिती सर्ट-इनने दिलेल्या नमुन्याशी जुळली. ग्राहकांची मुख्य नोंदवही, म्हणजे होम लोकेशन रजिस्टर, फुटल्याचे उपकरण-निर्मात्याने कळवलेले नाही, असे सरकारने संसदेत सांगितले.

उपाय ठाऊक असलेलाच आहे. साठवलेली प्रत्येक किल्ली एका मुख्य किल्लीने एन्क्रिप्ट करायची. ती मुख्य किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीलाच टांगणे. म्हणून ती एका वेगळ्या सुरक्षा उपकरणात राहते. ते फोडू गेल्यास ते आतल्या किल्ल्या पुसून टाकते. सिमची किल्ली त्या उपकरणाच्या आतच उलगडते आणि बाहेर फक्त प्रश्नोत्तरे येतात. घुसखोर यंत्रणेत असेपर्यंत काही उत्तरे काढू शकेल, पण किल्ल्यांचा साठा घरी नेऊ शकणार नाही. त्याला हाकलले की धोका तिथेच थांबतो. साठा उघडा असेल, तर हाकलूनही उपयोग नाही.

बॅकअपच्या प्रतींना आणि सिम कारखान्यातून येणाऱ्या किल्ल्यांच्या याद्यांनाही हाच नियम हवा. सिमला पिन लावणे चांगलेच, पण त्याने कंपनीकडची प्रत सुरक्षित होत नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनुसार घटना ६ तासांत कळवावी लागते. तेवढ्यावर थांबू नये. आपल्या ग्राहकांच्या किल्ल्या एन्क्रिप्ट केलेल्या आहेत का आणि मुख्य किल्ली वेगळ्या उपकरणात आहे का, हे प्रत्येक कंपनीने जाहीरपणे सांगावे. आणि वाचकहो, तुमच्या फोनचे नेटवर्क विनाकारण गेले आणि आजूबाजूच्यांचे चालू असेल, तर तुमच्या क्रमांकाचे दुसरे सिम कुणीतरी चालवत असू शकते; वाट पाहू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार नोंदवा.