नकाराचें मोल : अभिनेत्री सिसिली टायसन

हातीं आलेलें काम नाकारणें श्रीमंताला सोपें असतें. ज्याचा चरितार्थच त्या कामावर चालावयाचा, त्यानें ‘हें मी करणार नाहीं’ असें म्हणणें ही निराळी गोष्ट होय. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय अभिनेत्री सिसिली टायसन हिनें आपल्या प्रदीर्घ आयुष्यांत असा नकार अनेकदां दिला व त्याचें मोलही दिलें. तिची ही हकीकत घरांतील लहानथोरांनीं मिळून वाचावी अशी आहे.

सिसिलीचा जन्म १९ डिसेंबर १९२४ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. आईबाप वेस्ट इंडीजमधील नेव्हिस नांवाच्या चिमुकल्या बेटावरून पोटासाठीं अमेरिकेंत आलेले. वडील सुतारकाम व रंगकाम करीत, प्रसंगीं हातगाडीवर फळें विकीत. आई दुसऱ्यांच्या घरीं राबे. आई मोठी धर्मनिष्ठ. मुलांचा बराचसा वेळ चर्चमध्यें जाई. नाटक-सिनेमा हे पापाचे मार्ग अशी तिची पक्की समजूत, त्यामुळें त्यांचें नांवही घरांत निघत नसे. अशा घरांतील मुलगी मोठी झाल्यावर रेड क्रॉसच्या कचेरींत टंकलेखनाच्या नोकरीस लागली. परंतु एके दिवशीं ती खुर्ची मागें सारून उठली आणि जन्मभर टाइपरायटर बडविण्यासाठीं देवानें आपणांस निर्माण केलेलें नाहीं, असें बरोबरच्या मंडळींना सांगून मोकळी झाली. प्रथम नियतकालिकांतील पोशाखांच्या छायाचित्रांसाठीं ती उभी राहूं लागली, आणि तेथून अभिनयाकडे वळली.

मुलगी नटी होणार हें कळतांच आईनें स्पष्ट सांगितलें कीं, हें करावयाचें असेल तर ह्या घरांत राहतां येणार नाहीं. सिसिली बाहेर पडली. मायलेकींत पुढें बराच काळ अबोला राहिला. येथें आईला दोष देणें फार सोपें आहे. परंतु मुलीला वाईट वाटेपासून दूर ठेवण्यासाठीं जिनें दुसऱ्यांच्या घरीं हाडें झिजविलीं, तिच्या डोळ्यांदेखत मुलगी त्याच वाटेला लागली, ह्यांतलें दुःख लेकीबाळींच्या आयांना तरी निराळें सांगावयास नको. कालांतरानें लेकीचें काम पाहून आईचें मन निवळलें. खरें पाहतां लेकीनें घर सोडलें, पण घरचें वळण सोडलें नाहीं. मान खालीं घालावी लागेल असें कांहीं करावयाचें नाहीं, हें बाळकडू तिनें रंगभूमीवरही बरोबर नेलें.

१९६१ सालीं न्यूयॉर्कमध्यें झां जने ह्या फ्रेंच नाटककाराच्या ‘द ब्लॅक्स’ ह्या नाटकांत तिचें नांव झालें. १९६३ मध्यें ‘ईस्ट साइड, वेस्ट साइड’ ह्या टेलिव्हिजनवरील मालिकेंत तिला एका समाजसेवा-कचेरींतील चिटणिसाची भूमिका मिळाली. टेलिव्हिजनच्या गंभीर नाट्यमालेंत कायम भूमिका लाभलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकीं ती एक होय. मोलकरीण नव्हे, तर कचेरींत बरोबरीनें काम करणारी सुशिक्षित स्त्री म्हणून ती घरोघर दिसूं लागली. त्या काळीं तिच्या समाजांतील स्त्रिया तापविलेल्या फण्यांनीं व औषधांनीं आपले कुरळे केस सरळ करून घेत. सिसिली मात्र ईश्वरानें दिलेले केस तसेच आंखूड ठेवून पडद्यावर आली. पुष्कळांना त्याचा अभिमान वाटला. केस सरळ करण्याचा धंदा करणाऱ्यांनीं मात्र, आमचें गिऱ्हाईक तुटतें, अशा तक्रारी तिला लिहून पाठविल्या! ती मालिका एकाच हंगामांत, २६ भागांनंतर, बंद पडली.

१९७२ सालच्या ‘साउंडर’ ह्या चित्रपटांत टायसनबाईंनीं एका गरीब कुळाच्या पत्नीची भूमिका केली व ऑस्कर पारितोषिकासाठीं त्यांचें नांव पुढें आलें. परंतु त्यांच्या आयुष्याला वळण लागलें तें एका लहानशा प्रसंगानें. चित्रपटाच्या प्रचारार्थ भरलेल्या सभेंत एक गोरा गृहस्थ म्हणाला कीं, पडद्यावरील मुलगा आपल्या काळ्या बापाला ‘डॅडी’ म्हणतो हें ऐकून मी अस्वस्थ झालों, कारण माझा मुलगा मला तीच हांक मारतो. काळ्या माणसाच्या घरींही तेंच प्रेम नांदतें, हें त्या भल्या माणसास तोंवर जाणवलेंच नव्हतें! आपली कला ही आतां आपली जबाबदारी आहे, असें बाईंनीं त्या दिवशीं ठरविलें. आपल्या समाजाला हीन लेखणाऱ्या भूमिका घ्यावयाच्या नाहींत, मग रिकामें बसावें लागलें तरी बेहत्तर. आणि रिकामें बसण्याचे दिवस आलेही. मोठा लौकिक मिळाल्यावरही कित्येक वर्षें मनाजोगें काम दाराशीं आलें नाहीं.

जें काम पत्करलें तें मात्र जीव ओतून केलें. १९७४ सालीं अर्नेस्ट गेन्स ह्यांच्या कादंबरीवरून केलेल्या टेलिव्हिजनपटांत गुलामगिरींत जन्मून ११० वर्षें जगलेल्या जेन पिटमन ह्या वृद्धेचें सारें आयुष्य त्यांनीं उभें केलें. केवळ गोऱ्यांसाठीं राखून ठेवलेल्या नळापाशीं ती म्हातारी काठी टेकीत जाते व घोटभर पाणी पिते, एवढाच त्याचा शेवट. पण अमेरिकेंतील लक्षावधि लोकांनीं तो पाहिला. त्या भूमिकेबद्दल बाईंना दोन एमी पारितोषिकें मिळालीं. १९७७ मध्यें ‘रूट्स’ मालिकेंत त्यांनीं कुंटा किंटेच्या आईचें काम केलें.

वयाच्या ८८व्या वर्षीं, २०१३ सालीं, रंगभूमीवरील कामाबद्दल त्यांना टोनी पारितोषिक मिळालें. २०१६ मध्यें राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनीं देशांतील सर्वोच्च नागरी पदक अर्पण केलें. २०१८ मध्यें सन्माननीय ऑस्कर आलें. २६ जानेवारी २०२१ रोजीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, आणि दोनच दिवसांनीं, ९६व्या वर्षीं, त्यांनीं इहलोक सोडला.

त्या आत्मचरित्रांत त्यांनीं जन्मभर जपलेली एक गोष्ट सांगितली. अठराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें होतें, आणि टाइपरायटर सोडून उठल्या त्या वेळीं पदरीं एक लहान मुलगी होती. आईच्या कलेपायीं त्या मुलीला आईचा सहवास थोडाच लाभला. आपल्या कार्यासाठीं सर्वांत मोठें मोल दिलें तें तिनें, असें जाणून त्यांनीं तें पुस्तक तिलाच अर्पण केलें. नकाराचें मोल नकार देणाऱ्याला एकट्यालाच भरावें लागतें असें नाहीं. बहुधा तें सबंध घर भरतें. मोठ्या माणसांच्या चरित्रांत ही बाजू क्वचितच येते. टायसनबाईंनीं ती लपविली नाहीं, ह्यांतच त्यांचा खरा मोठेपणा आहे.