बाप्तिस्म्याचे पाणी

पाण्याचा धार्मिक अर्थ विचारला की आपल्याकडे उत्तर तयार असते: शुद्धी. गंगेत बुडी मारली की पाप धुऊन जाते. त्यामुळे ख्रिस्ती बाप्तिस्मा म्हणजेही तसेच एक स्नान, असे विद्यार्थी मला सहज सांगतात. मराठी कॅथलिकांचा 'स्नानसंस्कार' हा शब्दही त्याला दुजोराच देतो. हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बुडवणे'. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने धुण्याचे नव्हे, पुरण्याचे रूपक योजले आहे. बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरला जातो आणि नव्या जीवनात उठतो. पाण्याखाली जाणे म्हणजे थडग्यात जाणे! बायबलातले पाणी तसे भयंकरच आहे. जलप्रलयात जग बुडते, तांबड्या समुद्रात फारोचे सैन्य बुडते. पण त्याच पाण्यावर नोहाचे तारू तरंगते आणि त्याच समुद्रातून इस्राएल लोक पार होतात. मारणारे आणि तारणारे पाणी एकच. तीर्थस्नान पुन्हा पुन्हा करता येते, बाप्तिस्मा मात्र एकदाच, तो यामुळेच.

इ. स. ३८७ च्या ईस्टरला संत ऑगस्टीन यांनी मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. तेथील कॅथीड्रलसमोरच्या चौकाखाली त्या बाप्तिस्मागृहाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. हौद अष्टकोनी आहे. आठवड्याचे सात दिवस सरल्यावर उगवणारा आठवा दिवस पुनरुत्थानाचा, हा त्यामागचा हिशेब. रोमन सम्राटांची काही थडगीही अष्टकोनी असत. हा निव्वळ योगायोग मानायला मी तरी तयार नाही.

पुढे बालकांचा बाप्तिस्मा रूढ झाला. पश्चिमेकडे डोक्यावर थोडे पाणी ओतून भागू लागले आणि मरणाची खूण पुसट झाली. कॅथलिक चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करतात, ती बाप्तिस्म्याचीच आठवण. पण तेथे बुडण्याचे भय कोणाला वाटणार?

ते भय आपल्या भाषेत पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरच्यांवर आकाश कोसळले. माणूस जिवंत होता, पण त्यांच्या लेखी तो गेला होता. पौलाचे रूपक त्या घराने असे उलट्या बाजूने भोगले. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. मग लक्ष्मीबाई परतल्या आणि पुढे त्यांनीही तेच पाणी डोक्यावर घेतले.