संधिवातग्रस्त मुलांचा व्यायाम : पडद्यावरचा आणि ओसरीवरचा

संधिवात हा उतारवयाचा आजार आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की, बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजला तर ती कोठेतरी पडली असावी, असेच घरातील माणसे प्रथम धरून चालतात. तेल चोळले जाते, लेप लावला जातो आणि पाच-सहा आठवडे निघून जातात. सकाळी अंथरुणावरून उठताना तिचा पाय आखडलेला असतो; दुपारपर्यंत तो मोकळा होतो आणि सायंकाळी ती मैत्रिणींबरोबर खेळतानाही दिसते. साहजिकच सकाळची तक्रार म्हणजे शाळा चुकविण्याचे निमित्त, असा शिक्का बसतो. वस्तुतः सकाळचा हा आखडलेपणाच या आजाराची मुख्य खूण आहे. वाढीच्या वयात अनेक मुलांचे पाय दुखतात, परंतु ते बहुधा रात्री दुखतात, सांध्यावर सूज नसते आणि सकाळी मूल पूर्ववत उड्या मारीत असते.

वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि ज्याचे दुसरे कोणतेही कारण सापडत नाही असा सांध्यांचा दाह, अशी बालसंधिवाताची व्याख्या वैद्यकशास्त्राने केली आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते; अस्तर सुजते, सांध्यात पाणी साचते आणि पुढे कूर्चेची हानी होऊ लागते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार हजार मुलांमागे साधारणतः एकास तो होतो. तो संसर्गजन्य नाही. कोकणातील दमट हवा, दही-ताक, आंबट पदार्थ किंवा गार पाणी यांमुळे तो उद्भवत नाही. या गोष्टींना दोष देण्याची रीत मात्र जुनी आहे. निदान करताना डॉक्टरांना बरीच सावधगिरी बाळगावी लागते. एकच सांधा सुजला असेल तर क्षयरोग नाही ना, हे पाहावे लागते. घसादुखीनंतर वेदना एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत असेल तर संधिज्वराचा विचार करावा लागतो, कारण त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो. चिकुनगुनिया होऊन गेल्यावरही सांधे कित्येक महिने दुखू शकतात. म्हणून सहा आठवड्यांची वाट घरी न पाहता, सूज दिसताच रुग्णालय गाठणे इष्ट.

विश्रांतीकडून व्यायामाकडे

एके काळी अशा मुलांना अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला दिला जाई. सांधा सुजला आहे, तेव्हा तो हलवू नये, हा विचार वरवर पाहता सयुक्तिकही वाटतो. परंतु न हलविलेल्या सांध्याचे काय होते, हे मांडीकडे पाहिले की ध्यानात येते. गुडघा सुजल्यावर काही आठवड्यांतच मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. वेदना टाळण्यासाठी मूल गुडघा किंचित वाकवून ठेवते, आई मायेने त्याखाली उशी देते आणि उशीवरचा तो बाक हळूहळू कायमचा होऊन बसतो. ही उशी काढणे हा घरच्या उपचारांतील पहिला धडा आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. दाह असलेल्या गुडघ्याजवळचे हाड काही वेळा अधिक वेगाने वाढते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. जबड्याच्या सांध्यात दाह असेल तर उलट हनुवटीची वाढ खुंटते. वाढीची वर्षे सरल्यावर अशी विकृती केवळ औषधाने मागे फिरविता येत नाही. प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपासून दहावीपर्यंतचा काळ म्हणूनच फार मोलाचा ठरतो.

औषधांच्या बाबतीत गेल्या काही दशकांत मोठी प्रगती झाली आहे. मेथोट्रेक्सेट हे यातील प्रमुख औषध. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून तो वार घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. १९९९ मध्ये अमेरिकेत एटॅनरसेप्ट या जैविक औषधास बालसंधिवातासाठी मान्यता मिळाली आणि उपचारांचे नवे दालन उघडले. औषध दाह शमविते हे खरे. परंतु रोडावलेला स्नायू भरून काढणे आणि आखडलेला सांधा मोकळा करणे हे काम व्यायामाचेच आहे.

व्यायामाने सांधे अधिक बिघडतील, ही पालकांची भीती स्वाभाविक आहे. या विषयावरील प्रयोगांचा एक आंतरराष्ट्रीय आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीनच प्रयोग आणि दोनशेहून थोडी अधिक मुले होती. व्यायामाचे लाभ ठामपणे सिद्ध झाले, असे त्या आढाव्याने म्हटले नाही. पण व्यायामामुळे आजार बळावल्याचेही आढळले नाही. पुढे स्वीडनमधील एका प्रयोगात मुलांना बारा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, घरच्या घरी हलकी वजने उचलण्याचा आणि चक्क दोरीवरच्या उड्यांचा कार्यक्रम देण्यात आला. मुलांनी तो सोसला आणि त्यांच्या स्नायूंचे बळ वाढले. सांधेदुखीच्या मुलाने उडी मारावयाची नाही, या जुन्या दंडकाला त्यामुळे धक्का बसला. अर्थात दाह आटोक्यात असलेल्या मुलांपुरतीच ही गोष्ट समजावी.

कंटाळ्याचा अडसर

भौतिकोपचार तज्ज्ञ घरी करण्यासाठी जे व्यायाम देतात ते दिसावयास अगदी साधे असतात. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळावयाचा, पाच आकडे मोजावयाचे आणि सैल सोडावयाचा. मनगट वर-खाली, बोटे एकेक करून अंगठ्याला लावावयाची. दिवसातून वीस मिनिटे पालथे झोपावयाचे, म्हणजे खुबा आणि गुडघा सरळ राहतो. खर्च काही नाही, साधन काही नाही. अडचण एवढीच की, हे महिनोन्महिने रोज करावयाचे असते आणि करणारे मूल तेरा वर्षांचे असते. पहिला आठवडा उत्साहात जातो. तिसऱ्या आठवड्यात आईने आठवण करावी लागते. दुसऱ्या महिन्यात त्या आठवणीवरून घरात वाद होतात. औषधाची गोळी आई हातावर ठेवू शकते, व्यायाम मात्र मुलानेच करावयाचा असतो.

या अडचणीवर तोडगा म्हणून संगणकीय खेळांकडे तज्ज्ञांचे लक्ष गेले. २००६ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने हातात धरून हलवावयाच्या यंत्रासह ‘वी’ हा खेळसंच बाजारात आणला. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ आला. त्यात हाती काहीच धरावे लागत नाही. समोरचा कॅमेरा अवरक्त किरणांच्या साहाय्याने खेळाडूच्या खांद्या-कोपरांची, गुडघ्यांची स्थिती टिपतो आणि पडद्यावरची आकृती तशीच हलते. मुलाने हात उंचावला तर पडद्यावरचा चेंडू अडविला जातो. खांदा वीस वेळा उचला, असे सांगितले तर मूल बारा वेळा उचलते. वीस चेंडू अडवावयाचे असतील तर ते तीस अडवून थांबते. मन खेळात गुंतल्याने वेदनेकडील लक्षही काहीसे ढळते.

तुर्कस्तानातील इस्तंबूल येथील तज्ज्ञांनी बालसंधिवात झालेल्या पन्नास मुलांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने दैनंदिन वापरातील खऱ्या वस्तू हाताळून हातांचा सराव केला, दुसऱ्याने किनेक्टचे खेळ खेळले. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. सुधारणा दोन्ही गटांत झाली. खेळांचा गट काही बाबतींत सरस ठरला. या निष्कर्षाचे महत्त्व आहेच, पण आठ आठवड्यांत खेळाचे नावीन्य ओसरत नाही आणि या आजाराची सोबत वर्षानुवर्षांची असते, हेही विसरून चालणार नाही. शिवाय किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्येच थांबविण्यात आले. खेळण्याच्या बाजारावर उपचार उभा केला की असा प्रसंग येणारच.

डोळ्यांवर बांधावयाचा संच, म्हणजे ज्याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात तो खरा आभासी जगाचा अनुभव, ही त्यापुढची पायरी. तो चढविला की भोवतालची खोली दिसेनाशी होते आणि मूल एखाद्या मैदानात उभे असल्यासारखे वाटते. मात्र अशा संचाचे वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते. बालसंधिवातात मानेचे सांधेही आखडू शकतात. अशा मुलाच्या डोक्यावर हे ओझे तज्ज्ञांना विचारल्याखेरीज ठेवू नये. काहींना भोवळ किंवा मळमळ होते. कमी वयाच्या मुलांनी तो वापरू नये, असे उत्पादकच सांगतात. आणि अंगठ्याने मोबाइलवर खेळावयाचे खेळ या सदरात मुळीच येत नाहीत, हे पालकांनी मुलांना स्पष्ट सांगितलेले बरे.

पेण-रोह्याच्या घरातून

पेण आणि रोहा या तालुक्यांतील कुटुंबांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. पेण हे गणेशमूर्तींचे गाव, तर रोहा हे धाटावच्या औद्योगिक वसाहतीचे आणि कोकण रेल्वेच्या आरंभाचे गाव. मुंबई येथून फार दूर नाही; पण आखडलेल्या पायाच्या मुलाला दर आठवड्यास तेथे व्यायामासाठी नेणे म्हणजे पालकाचा एक रोज बुडविणे होय. महागडा खेळसंच घेणे बहुसंख्यांना शक्य नाही. तेव्हा त्या संचातून काय शिकावयाचे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. खेळात उद्दिष्ट असते, मोजदाद असते आणि लगेच मिळणारी शाबासकी असते. या तिन्ही गोष्टी ओसरीवरही आणता येतात.

बोटांचा व्यायाम घ्या. भौतिकोपचार केंद्रांत त्यासाठी मऊ लगद्याचा गोळा वापरतात. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत शाडूची माती घरोघरी आढळते. सकाळी बोटे ऊन पाण्यात शेकून घ्यावीत आणि मग मऊ मळलेल्या मातीचा छोटा उंदीर किंवा मोदक करावा. चिमूट, मूठ आणि पंजा या तिन्ही हालचाली त्यात येतात. मात्र कारखान्यात तासन्‌तास एका जागी बसून मूर्ती घडविणे किंवा साचे उचलणे हा व्यायाम नव्हे, ते काम आहे. दुखऱ्या मनगटाने ते करू नये. ओले कपडे पिळणेही टाळावे. सागरगोटे हा बोटांचा आणि मनगटाचा उत्तम खेळ आहे. झिम्म्यास हरकत नाही. पण फुगडीत सगळा भार मनगटांवर आणि लंगडीत एका गुडघ्यावर येतो, म्हणून दाह असेपर्यंत ते खेळ दूर ठेवावेत. सायकल गुडघ्यासाठी चांगली. बैठक थोडी उंच करून घ्यावी, म्हणजे गुडघा फार दुमडत नाही.

घरातील मोबाइलचाही उपयोग होतो. तो फडताळावर उभा करून कॅमेरा सुरू केला की मुलाला स्वतःची हालचाल आरशाप्रमाणे दिसते, आणि तीच चित्रफीत पुढच्या भेटीत तज्ज्ञांना दाखविता येते. आवडत्या गाण्याच्या लांबीवर व्यायामाची वेळ ठरवावी. धाकट्या भावंडाला जोडीला घ्यावे. स्पर्धा आपोआप लागते. किती करावे, याचा एक ठोकताळा तज्ज्ञ सांगतात. व्यायामानंतरचे दुखणे दोन तासांहून अधिक टिकले तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे, पण बंद करू नये. सांधा गरम, लाल आणि टचटचीत सुजलेला असेल तर उड्या आणि वजने थांबवून केवळ हळुवार हालचाली चालू ठेवाव्यात. ताप असेल तर डॉक्टरांकडे जावे.

पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांत प्रथम तपासणी करून घेता येते. जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे आहे. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात; सकाळी लंगडणाऱ्या मुलाकडे शिक्षकांनी या पथकाचे लक्ष वेधावे. पुढील उपचारांसाठी मुंबईत परळचे वाडिया बालरुग्णालय आणि हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दूरस्थ सल्ल्यासाठी ‘ई-संजीवनी’ ही शासकीय सेवा उपलब्ध आहे. एक तपासणी मात्र मोबाइलवरून होत नाही, ती डोळ्यांची. या आजारात डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि दृष्टी गेल्यावरच कळते. म्हणून सांधे बरे वाटत असले तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्प यंत्राने डोळे तपासून घ्यावेत.

शाळेत अशा मुलाला फारसे काही लागत नाही. जाड पेन धरावयास सोपे जाते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. एका जागी दीर्घकाळ मांडी घालून बसल्याने सांधे आखडतात, म्हणून दर तासाला त्याला उठू द्यावे. फळा पुसण्याचे काम त्याच्याकडे दिले तर खांदा, कोपर आणि मनगट या तिन्हींची हालचाल होते, आणि वर्गात कोणाला काही सांगावेही लागत नाही.