काठीची होळी आणि पाहुण्यांचा संयम

तारकर्लीसारखी मच्छीमारांची गावे पर्यटकांमुळे पाहता पाहता सुट्टीची ठिकाणे झाली. सातपुड्यातील काठी हे गावही आज त्याच वाटेवर आहे. अक्कलकुवा तालुक्यातील या जुन्या संस्थानाची राजवाडी होळी पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. रात्रभर ढोल घुमतात आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप घालून नाचणारे आदिवासी बांधव नवस फेडण्यासाठी आलेले असतात. त्याआधी काही दिवस ते ब्रह्मचर्य पाळतात, खाट वर्ज्य करून जमिनीवर निजतात. अशा व्रतस्थांना छायाचित्रासाठी अडविणे योग्य नव्हे. गावास चार पैसे मिळावेत, हे रास्तच. परंतु पाहुण्यांनीही त्या रात्रीपुरता संयम पाळावा. व्रताचा तमाशा झाला, तर काठीत पाहण्याजोगे काही उरणार नाही.