चाकावरचं घर आणि मोत्या

परवा पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनी सहलीचे फोटो दाखवले. कॅराव्हॅन भाड्याने घेऊन सगळं कुटुंब कोकण फिरून आलं होतं. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, गाडीतच संडास-बाथरूम. खिडकीत त्यांचा लॅब्रॅडॉर जीभ काढून ऐटीत बसलेला. ‘‘चाकावरचं घरच हो! याला किती मजा आली म्हणून सांगू!’’ बाई कौतुकाने म्हणाल्या. आपल्या राज्य सरकारने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं.

मी हसले. मनात म्हटलं, चाकावरचं घर आम्हा बीडकरांना काय नवं? दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार भरून आमची माणसं ऊस तोडायला निघतात. सामानाच्या त्या ढिगावर एखादा कुत्राही बसलेला असतो. त्याला बोलता आलं असतं तर? पाटोदा तालुक्यातल्या वस्त्यांवर जाता-येता बायकांकडून जे ऐकलं, ते आज त्याच्याच तोंडून ऐकू या. नाव अर्थातच मोत्या!

*

राम राम! मी मोत्या. जात गावठी, कान एक उभा, एक पडका. घरात धनी, माय, बारा वर्षांची थोरली, दोन वर्षांचं बारकं आणि म्हातारी आजी. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते आणि खर्चूनही झालेली असते. त्यामुळे निघायचं की नाही, हा प्रश्नच नसतो.

गेल्या साली निघालो तेव्हा ट्रॉलीत काय नव्हतं? पत्र्याची पेटी, बाजरीची गोणी, चूल, भांडी, ताडपत्री, कोयते, चार कोंबड्या, एक शेळी. त्यावर पाच-सहा घरची माणसं आणि सगळ्यांच्या वर मी! थोरलीचं दप्तरही होतं. आजी तेवढी मागे राहिली. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती.

आमच्या सहलीतलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे सौताड्याचा धबधबा. विंचरणा नदी तिथं दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं मंदिर आहे. लांबलांबची माणसं बघायला येतात म्हणे. आम्ही तिथून रात्री गेलो. मला नुसता ओल्या दगडाचा वास आला. थोरली म्हणाली, ‘‘माय, धबधबा बघायचा का?’’ माय म्हणाली, ‘‘झोप.’’

जामखेड गेलं, करमाळा गेलं, टेंभुर्णी गेली. कॅराव्हॅनमध्ये संडास असतो म्हणता? आमच्या बाया अंधार पडायची वाट बघत होत्या. तहान लागली तरी पाणी बेतानेच पीत होत्या. मला प्रत्येक खांबाची मुभा, त्यांना मात्र नाही. माणसांपेक्षा कुत्र्याचा जन्म बरा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं!

दुसरं स्थळ पंढरपूर. पुलावर ट्रॅक्टर आला तशी सगळी माणसं उठून बसली आणि खाली चंद्रभागेकडे बघत हात जोडले. मायने बारक्याचेही हात जोडले. ट्रॅक्टर काही थांबला नाही. झालं आमचं पंढरपूर दर्शन!

मग सांगोला मागे टाकून कृष्णाकाठ आला. वाळवा तालुक्यात जिकडं बघावं तिकडं ऊस. आमच्या बालाघाटाच्या माळावर कुसळं, इथं नुसतं हिरवंगार. एका रानाच्या कडेला बांबू-चटयांच्या कोप्या पडल्या. माणूस ओणवा होऊनच आत शिरतो. मी मात्र ताठ मानेनं जातो.

सहल इथंच संपली. आता राखणीचं काम.

माय पहाटे तीनला उठायची. पाणी, चूल, भाकरी. उजाडायच्या आत दोघं फडात. धनी ऊस तोडणार, माय पाचट सोलून मोळ्या बांधणार. वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. संध्याकाळी धनी अंग टाकायचा, माय पुन्हा चुलीशी. बरं नसलं तरी सुट्टी नाही. खाडा पडला की दंड! शेजारच्या कोपीतली बाई पिशवी काढून आलेली होती. तिशीची असेल. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती वाकली की कण्हायची. कुत्र्याला कण्हणं बरोबर ऐकू येतं.

बारक्याला दिवसभर थोरली सांभाळायची. दप्तर कोपीच्या आढ्याला टांगलेलं. पहिले काही दिवस ती ते काढून चाळायची. पुढे त्यात मिठाची पुडी आणि काडेपेटी जाऊन बसली.

आणि बिबट्या! उसातच त्याचं घर, उसातच मादी पिल्लं घालते. ऊस तुटत जातो तसा तो जवळ सरकतो. कुत्रा तर त्याचं आवडतं जेवण. मी रात्रभर कोपीच्या तोंडाशी बसायचो. भुंकायचो ते शौर्याने नव्हे, भीतीने. पण बिबट्यापेक्षा मायला दुसरंच भय होतं. संध्याकाळी बांधावरून परकी माणसं जायची, थोरलीकडे बघायची. मग एका रात्री चुलीपुढं धनी म्हणाला, ‘‘एखादं स्थळ आलं तर उरकून टाकू. पोरगी किती दिवस सांभाळायची?’’ माय काहीच बोलली नाही. भाकरी मात्र करपली.

होळी झाली, पट्टा पडला, आम्ही परत आलो. आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तो मीच खाल्ला!

यंदा पुन्हा ट्रॉली लागली. पेटी चढली, गोणी चढली, शेळी चढली. दप्तर काही चढेना. थोरलीही चढेना. ती आजीचा हात धरून उभी. गुरुजी दोनदा घरी येऊन गेले होते, ते मी भुंकलो म्हणून मला आठवतं. शाळेत हंगामी वसतिगृह आहे, पोरगी आजीजवळ राहील, जेवण शाळेत मिळेल, असं काहीतरी बोलणं झालं होतं. धनी तयार नव्हता. माय म्हणाली, ‘‘मी मोळ्या जास्त उचलीन. पण ती नाही येणार.’’ एवढं मोठ्यानं बोललेली माय मी पहिल्यांदाच ऐकली.

मी उडी मारून वर चढलो होतो. मायने मला खाली ढकललं. ‘‘तू इथंच रहा रं. पोरीला राख.’’

ट्रॅक्टर वळणाआड गेला. आम्ही तिघं दारात उभे राहिलो.

*

मैत्रिणींनो, मोत्याला आकडे कळत नाहीत, आपल्याला कळतात. सरकारी समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आजारपणाचा खाडा परवडत नाही, दुखणं अंगावर काढलं जातं आणि मग ‘पिशवीच काढून टाका’ हा उपाय सोपा वाटू लागतो. मुलींची लवकर लग्नं होण्यामागेही हीच कोपी आहे. उघड्या रानात वयात आलेली पोर सांभाळायची कशी, या धास्तीपोटी आई-बाप घाई करतात.

वाटा अगदीच बंद नाहीत. मूल आजी-आजोबांजवळ राहणार असेल तर गावात हंगामी वसतिगृह सुरू आहे का, हे निघण्याआधी शाळेत विचारावं. मूल सोबत न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जावं म्हणजे कारखान्याच्या गावच्या शाळेत बसता येतं. पण हे त्या माऊलीला सांगणार कोण? गावात असू तर आपण. आणि तुमचं घर उसाच्या पट्ट्यात असेल, तर शेजारच्या कोपीतल्या पोरीचा हात धरून तिला शाळेपर्यंत नेणाऱ्याही तुम्हीच.

तेवढं केलंत तर मोत्या तुमच्यावर भुंकणार नाही, याची हमी मी देते!