सोलापूर लोकसभा मतदारसंघ

सोलापूर लोकसभा मतदारसंघ : महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील, अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला एक संसदीय मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेनुसार त्यात सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, सोलापूर दक्षिण, अक्कलकोट, मोहोळ (राखीव) आणि मंगळवेढ्यासह पंढरपूर असे सहा विधानसभा मतदारसंघ मोडतात. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे मतदार येथे मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे कोणत्याही एका समाजाच्या बळावर येथील निवडणूक जिंकता येत नाही. येथील मतदानाचा इतिहास हा मुख्यतः निरनिराळ्या समाजांच्या जुळणीचा व फाटाफुटीचा इतिहास आहे.

ही लोकसंख्या उद्योगांनी घडविली. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि तेलंगणातील पद्मशाली विणकर कामाच्या शोधात येथे येऊन स्थिरावले. शहराच्या पूर्व भागात त्यांची दाट वस्ती असून हातमाग, पुढे यंत्रमाग, चादरी व टॉवेल हे त्यांचे व्यवसाय होत. त्यांच्या घरांतील असंख्य स्त्रिया विड्या वळतात. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या सीमावर्ती भागांत कन्नड भाषक लिंगायत शेतकरी अधिक, तर मोहोळ, पंढरपूर व मंगळवेढ्याकडे मराठा व धनगर समाज मोठा आहे. शहरात मुस्लिमांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एक-पंचमांश होते. मोची, महार व मांग या अनुसूचित जातींच्या वस्त्याही जुन्या आहेत. १९३० च्या लष्करी कायद्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांची नावे पाहिली, तरी या शहराची ठेवण ध्यानात येते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५२) सोलापूर द्विसदस्य मतदारसंघ होता. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज हे दोघे येथून निवडून आले. काँग्रेसच्या त्या भरभराटीच्या काळात हा निकाल लक्षणीय म्हणावा लागेल. पुढे १९६२ मध्ये मादेप्पा काडादी, १९६७ ते १९७७ या काळातील तिन्ही निवडणुकांत सुरजरतन दमाणी, १९८० व १९८४ मध्ये गंगाधर कुचन आणि १९८९ व १९९१ मध्ये धर्मण्णा सादूल असे काँग्रेसचे उमेदवार विजयी झाले. लिंगायत, मारवाडी व तेलुगू भाषक अशा, मराठेतर समाजांतील व्यक्तींना उमेदवारी देण्याची ही परंपरा शहराच्या रचनेशी सुसंगत होती. १९९६ मध्ये भारतीय जनता पक्षाने लिंगराज वल्याळ यांच्या रूपाने याच मार्गाने प्रथम यश मिळविले. कामगार वस्त्यांतील मत मात्र लोकसभेला एकीकडे व विधानसभेला दुसरीकडे जाई : मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम १९७८, १९९५ व २००४ मध्ये शहर दक्षिणमधून आमदार झाले. गिरण्या बंद पडत गेल्या, तसा संघटित कामगारांचा हा पाया आकुंचित झाला.

पूर्वी जिल्ह्यातील राखीव जागा पंढरपूरची होती. २००८ मध्ये तो मतदारसंघ रद्द होऊन माढा हा नवा मतदारसंघ आला व आरक्षण सोलापूरकडे आले. सर्वसाधारण मतदारसंघातून १९९८ व १९९९ मध्ये निवडून आलेले सुशीलकुमार शिंदे २००९ मध्ये राखीव मतदारसंघातून विजयी झाले; २०१४ मध्ये शरद बनसोडे यांनी त्यांचा पराभव केला. आरक्षणाने उमेदवार कोण असावा हे ठरते, मतदार कोण हे नव्हे. म्हणून अनुसूचित जातींबाहेरील बहुसंख्य मतदारच निकाल ठरवितात. २०१९ मध्ये विजयी झालेले जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी हे लिंगायत मठाचे अधिपती होते. त्यांचे ‘बेडा जंगम’ जातीचे प्रमाणपत्र पडताळणी समितीने २०२० मध्ये अवैध ठरविले व त्यांनी त्या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

त्या निवडणुकीत महास्वामींना ५,२४,९८५, शिंदे यांना ३,६६,३७७ आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना १,७०,००७ मते पडली. पराभूत झालेल्या या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराहून ११,३९९ ने अधिक भरते. अर्थात वंचितची सर्व मते काँग्रेसलाच मिळाली असती, असे गृहीत धरता येत नाही. २०२४ मध्ये वंचितच्या अधिकृत उमेदवाराने माघार घेतली आणि काँग्रेसच्या प्रणिती शिंदे (६,२०,२२५) यांनी भाजपचे राम सातपुते (५,४६,०२८) यांच्यावर ७४,१९७ मतांनी विजय मिळविला. हे मताधिक्य मुख्यतः मोहोळ व पंढरपूर या ग्रामीण विभागांतून आले. शहर उत्तर व अक्कलकोटने भाजपला आघाडी दिली. मराठा आरक्षणाचे आंदोलन, शेतमालाचे भाव, मंगळवेढ्याच्या कोरडवाहू गावांचे पाणी आणि विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी हे विषय त्या वेळी गाजत होते. कारखान्याचे सभासद बहुतांशी दक्षिण सोलापूर व अक्कलकोट भागांतील शेतकरी आहेत.

समाजवार मतांचे जे आकडे प्रचारात सांगितले जातात, त्यांना भक्कम आधार नसतो. मतदारयादीत जात नोंदविली जात नाही, आणि १९३१ नंतरच्या जनगणनांतून अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतर जातींची संख्या प्रसिद्ध झालेली नाही. इंग्लंडमध्ये लोकसभेसारख्या निवडणुकीत सर्व केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र करून मोजतात, त्यामुळे वस्तीनिहाय मत कळत नाही. भारतात मतदान यंत्रांमुळे प्रत्येक केंद्राचा निकाल स्वतंत्रपणे जाहीर होतो. अभ्यासकाला हे सोयीचे. पण विडी कामगारांच्या एखाद्या वसाहतीने कोणाला मत दिले हे उमेदवारालाही कळते, आणि नळाच्या पाण्यासाठी त्याच्याच दारी जाणाऱ्या वस्तीला ही गोष्ट जाचक ठरू शकते. शिवाय एखाद्या केंद्राच्या आकड्यावरून तेथील अमुक समाजाने अमुक मत दिले, असे निश्चित म्हणता येत नाही.

मतदारांची निष्ठा पक्की नसल्याचे प्रत्यंतर लवकरच आले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत, लोकसभेनंतर अवघ्या सहा महिन्यांनी, याच सहा मतदारसंघांपैकी पाच भाजपने जिंकले. मोहोळ तेवढा राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाकडे गेला.